कवेलूचे घर पाडून स्लॅबचे बांधतो आहोत: हे ‘मॉडर्न’ घर आपल्याकडे नेमके कसे आले?

रानवाट (तालुका आर्वी, जिल्हा वर्धा) यांचा प्रश्न:

आजोबांनी बांधलेले आमचे मातीचे घर यंदा दिवाळीनंतर पाडायचे ठरले आहे. समोरच्या सपरीवर (ओसरीवर) इंग्रजी कवेलू म्हणजे कौले, मागच्या खोल्यांवर देशी कवेलू, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर माळा आणि मागच्या अंगाला बैलांचा कोठा, असे त्याचे स्वरूप आहे. आईच्या नावाने घरकुल मंजूर झाले असून २५ चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांच्या बांधकामासाठी १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतील. त्यात पदरचे काही घालून एक खोली वाढवण्याचा आमचा विचार आहे.

मिस्त्रींनी मोबाईलवर एक नमुना दाखवला. खोक्यासारखे चौकोनी घर, सपाट छत, रस्त्याकडच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेची आडवी खिडकी, आणि छज्जा कुठेच नाही. छज्जाचे विचारले तेव्हा ते म्हणाले, “छज्जानं एलेव्हेशन खराब होते भाऊ, आता कोणी टाकत नाही.” धाकट्या भावाला तो नमुना फार आवडला आणि याला ‘मॉडर्न’ म्हणतात, असे त्याने मला समजावून सांगितले. त्याच रात्री त्याच्या मोबाईलवर मी पॅरिसजवळच्या एका जुन्या घराचे छायाचित्र पाहिले. व्हिला सव्हॉय नावाचे ते घर १९३१ मध्ये पूर्ण झाले आहे. खालचे खांब काढून टाकले आणि वरचे खोके जमिनीवर आणून ठेवले, तर आमच्या मिस्त्रींचा नमुना तयार होतो, इतके दोन्हींत साम्य आहे.

माझी बहीण धामणगावकडे स्लॅबच्या घरात राहते. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे मुक्कामी असताना रात्री साडेदहाला पलंगावर उभे राहून मी ट्यूबलाइट बदलत होतो, तेव्हा तोल सावरण्यासाठी छताला तळहात टेकवला. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीच्या पाठीवर हात ठेवावा तसे ते छत गरम होते, आणि सूर्य मावळून साडेतीन तास झाले होते. पंखा तीच हवा खाली ढकलत होता. आमच्या जुन्या घरात मात्र मे महिन्याच्या दुपारी सारवलेल्या जमिनीवर सतरंजी टाकली की कूलरशिवाय झोप लागते.

हे घर खरोखर तिकडून आले आहे का, आणि आले असेल तर ते आपल्या उन्हाळ्यात असे का वागते, हे कोणी समजावून सांगेल काय? मातीचेच घर ठेवा, असा सल्ला मात्र कृपा करून देऊ नये. आईला स्लॅब हवा आहे आणि तिचे म्हणणे पक्के आहे.

चौकट (मूळ गाव पुसद, वास्तुकलेचा शिक्षक) यांचे उत्तर:

रानवाट भाऊ, तुम्ही ओळखलेले साम्य खरे आहे. फक्त ते घर तुमच्या गावापर्यंत थेट आलेले नाही. अनेकांच्या हातांतून आले आणि प्रत्येक हातात त्यातले थोडेथोडे गळत गेले.

आधी ते घर जिथे जन्मले तिथले ऊन लक्षात घ्या. पॅरिस काय किंवा जर्मनीतले स्टुटगार्ट काय, दोन्ही शहरे सुमारे ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, आणि डिसेंबरात तिथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो. त्यातच कारखान्यांचा धूर, कोंदट चाळी आणि क्षयरोग. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये हाती आले. तोपर्यंत ऊन, मोकळी हवा आणि विश्रांती हाच मुख्य उपचार होता. फिनलंडमधील पायमिओ येथे वास्तुविशारद अल्वार आल्टो यांनी १९३३ मध्ये पूर्ण केलेले क्षयरोग्यांचे रुग्णालय पाहिले, तर रुग्णांना उन्हात निजवण्यासाठी लांब सज्जे आणि शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये म्हणून पाणी पडताना आवाज न करणारी बेसिने, इथपर्यंत विचार केलेला दिसतो. धूळ लगेच दिसावी म्हणून पांढऱ्या भिंती, ऊन आत यावे म्हणून लांब खिडक्या, उन्हात बसता यावे म्हणून गच्ची, या सगळ्यांच्या मुळाशी उन्हाची भूक आहे. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत उन्हाची भूक कोणालाही नसते.

आता ते इकडे कसे आले, ते थोडक्यात सांगतो. जर्मन वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपिअस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे बाउहाउस ही कला आणि वास्तुरचनेची शाळा काढली आणि १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आल्यावर, ती बर्लिनमध्ये बंद पडली. शिक्षक जगभर पांगले. ग्रोपिअस १९३७ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला गेले, आणि तिथे त्यांच्या हाताखाली शिकून परतलेल्यांत अच्युत कानविंदे होते. १९१६ मध्ये कोकणातल्या आचऱ्याला जन्मलेल्या या वास्तुविशारदाने पुढे कानपूरची आयआयटी उभी केली. दुसरीकडे व्हिला सव्हॉय बांधणारे ले कॉर्ब्युझिए १९५१ पासून चंदीगडच्या कामासाठी भारतात येऊ लागले. ही झाली मोठी माणसे. त्यांच्या इमारती पाहून सरकारी कार्यालये, धरणांच्या वसाहती आणि शाळा यांचे नकाशे निघाले, त्या नकाशांवरून तालुक्याच्या ठेकेदारांनी बंगले बांधले आणि त्या बंगल्यांचे फोटो आता तुमच्या मिस्त्रींच्या मोबाईलमध्ये आहेत.

सपाट छत मात्र तिकडचे समजू नका. १९२७ मध्ये स्टुटगार्टला नव्या पद्धतीच्या घरांची वसाहत उभारली, तेव्हा तिथे सपाट छताची अटच होती. विरोधकांनी त्या वसाहतीच्या चित्रात उंट आणि अरब माणसे घालून तिची ‘अरबांचे खेडे’ म्हणून टिंगल करणारे पोस्टकार्ड काढले. आमच्या बुलढाणा-अकोल्याकडच्या नातेवाइकांची धाब्याची घरे त्या पोस्टकार्ड काढणाऱ्यांनी पाहिली असती, तर त्यांना काय वाटले असते कोण जाणे. धाब्यावर लाकडी किलचांच्या वर हातभर माती असते आणि दर पावसाळ्याआधी तिच्यावर खारी माती पसरतात; म्हणून ते सपाट असूनही आत थंड असते. सपाटपणाला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्यावरची माती गेली आहे.

आणि हे सर्वांत आधी कोणाला कळले असेल तर स्वतः कॉर्ब्युझिए यांना. व्हिला सव्हॉय पावसात गळत असे आणि मालकीणबाईंनी त्यांना तक्रारीची पत्रे पाठवली होती. तेच कॉर्ब्युझिए अहमदाबादला आले, तेव्हा त्यांनी गिरणी मालक संघाच्या १९५४ च्या इमारतीत पश्चिमेच्या उन्हाला आडव्या येतील अशा तिरप्या काँक्रीटच्या खोल पट्ट्या लावल्या, आणि १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या साराभाई कुटुंबाच्या घराच्या छपरावर माती टाकून हिरवळ लावली. मिस्त्रींना १९३१ चे घर कोणी तरी दाखवले आहे. तुम्ही त्यांना १९५५ चे दाखवा.

टेंभरू (तालुका ब्रह्मपुरी) यांचे उत्तर:

चौकट सरांनी इतिहास उत्तम सांगितला, पण या इतिहासात वानरे राहून गेली आहेत. गेल्या वर्षी रोहिणी लागण्याआधी तीन मजूर लावून आम्ही घराचे कवेलू फेरून घेतले, आणि चौथ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस वानरांचा कळप आमच्या सपरीवरून शेजारच्या चिंचेवर गेला. दोनशेच्या वर कवेलू फुटले. आमच्या भागात देशी कवेलू घडवणारा कुंभार आता राहिलेला नाही, त्यामुळे फुटलेल्या जागी टिना टाकाव्या लागतात आणि टिना स्लॅबपेक्षाही अधिक तापतात. रानवाट भाऊंच्या आई जर्मनीच्या ओढीने स्लॅब मागत नसाव्यात. आमच्या आईने मागितला, तो वानरे, उंदीर आणि उंदरामागे माळ्यावर येणारा साप यांना कंटाळून.

पांढरीमाती (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ) यांचे उत्तर:

छताविषयी पुरुष मंडळी बोलत आहेत, ते योग्यच आहे. परंतु या नव्या घराने आमच्या आयुष्यात सर्वांत मोठा बदल स्वयंपाकघरात केला आहे आणि त्याच्याकडे नकाशा पास होईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

उभ्याने स्वयंपाक करायच्या आखीव स्वयंपाकघराचा नामांकित पहिला नमुना फ्रँकफर्टचा आहे. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये कामगारांच्या वसाहतींसाठी तो तयार केला आणि त्या शहरात तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या घरकुलातल्या स्वयंपाकाच्या जागेएवढेच. रेल्वेच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे होते, आणि बाईला एका कामासाठी किती पावले टाकावी लागतात, हे घड्याळ लावून मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. साखर, तांदूळ यांसाठी चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण, ताटे निथळायची फळी, भिंतीतून खाली ओढायची इस्त्रीची पाटी. गंमत म्हणजे त्या बाईंनी पुढे सांगितले आहे की, हे आखले तेव्हा त्यांना स्वतःला स्वयंपाकाचा अनुभव नव्हता.

आमच्याकडे ओटा आला तो फ्रँकफर्टहून आलेला नाही. तो सिलिंडरबरोबर आला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवायची, ही गॅसची सुरक्षेची सूचना आहे, आणि ज्या घरात सिलिंडर आले त्या घरात आधी लाकडी टेबल, मग कडप्पाचा आणि आता ग्रॅनाइटचा ओटा आला. चुलीचा धूर गेला, याबद्दल कोणी माझ्याशी वाद घालू नये. माझ्या आजेसासूचे डोळे त्या धुराने गेले. परंतु ओट्याची उंची कोणी ठरवली? आमच्या मिस्त्रींनी विचारले नाही, मीही सांगितले नाही, आणि तेहतीस इंचांचा ओटा तयार झाला. मी पाच फूट चार इंच आहे, मला तो चालतो. माझ्या सासूबाई पाच फुटांच्याही आत आहेत; त्यांना कणीक मळायची तर खांदे कानापर्यंत उचलावे लागतात. भाकर थापायला त्या अजूनही खालीच बसतात, आणि सणाला उपड्या मडक्यावर लांब रोट्या करायच्या असल्या की सगळ्याच जणी मागच्या टिनाखाली चूल पेटवतो, कारण ते काम उभ्याने होतच नाही. म्हणजे लाखाचे स्वयंपाकघर आत आणि खरा स्वयंपाक टिनाखाली.

आता मूळ मुद्दा सांगते. फ्रँकफर्टच्या त्या स्वयंपाकघरात खिडकीखाली कामाची फळी होती आणि तिच्यापुढे फिरते स्टूल होते. बसून चिरावे, निवडावे, सोलावे, हे त्या बाईंनी आधीच धरून ठेवले होते. आपल्यापर्यंत ओटा पोहोचला आणि ते स्टूल वाटेत कुठे तरी राहिले. पूर्वी आमच्याकडे ओटा म्हणजे दारापुढचा. तिथे बसून तुरी निवडता निवडता बायकांचे बोलणे होत असे. नव्या घरात तो रस्त्याच्या गटाराला जागा देण्यासाठी तोडला आणि आतला ओटा एकटीने उभे राहायचा झाला.

यंदा मी स्वयंपाकघर नव्याने करून घेतले, तेव्हा खिडकीखालचा अडीच फूट लांबीचा भाग दीड फूट उंचीवर घेतला. तिथे सासूबाई पाटावर बसतात आणि परात समोर ठेवतात. मिस्त्री दोन दिवस हसत होते. उभ्या ओट्यासाठी सोपी रीत अशी की, सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे आणि कोपराच्या साधारण चार इंच खाली ओट्याची पाठ यावी. मोजताना ज्या बाईला तिथे काम करायचे आहे तिला उभी करावी, मिस्त्रींना नव्हे.

धामनदी (तालुका सेलू, जिल्हा वर्धा) यांचे उत्तर:

आपण सगळे वर्धा जिल्ह्याच्या आसपासचे असून अजून कोणी सेवाग्रामचे नाव घेतले नाही, याचे नवल वाटते. गांधीजी १९३६ मध्ये तिथे आले, तेव्हा आसपास मिळणारे सामान वापरावे आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत राहावा, अशी त्यांची अट होती. त्यांच्या शिष्या मीराबहन यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली बापूकुटी आजही मे महिन्यात जाऊन पाहावी. मातीच्या भिंती, बांबू आणि लाकूड, खाली उतरलेले कवेलूचे छप्पर, आणि भिंतीला उन्हाने शिवू नये एवढी खोल पडवी. वस्तू जेवढ्या लागतात तेवढ्याच. युरोपातल्या वास्तुविशारदांनी घरातली नक्षी काढून टाका म्हणून जो आग्रह धरला, त्याहून अधिक साधेपणा इथे आहे. आणि तरीही मीराबहन यांनी भिंतीवर मातीत उठवलेले ताडाचे झाड आणि चरखा तिथे आहेतच. १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले, तेव्हा त्या कुटीत बसल्यावर सुचलेल्या विचारांवर त्यांनी भाषण केले होते. माझ्या मते आधुनिक घर कसे असावे, याचे उत्तर आपल्या जिल्ह्यात तेव्हाच मिळाले होते आणि आपण ते सोडून सिमेंटच्या मागे लागलो.

पांढरीमाती यांचे पुन्हा उत्तर:

धामनदी दादा, बापूकुटी मीही पाहिली आहे आणि तिच्या पडवीत बसून मलाही बरे वाटले. फक्त एक विचारते: तिची छबाई, म्हणजे भिंती मातीने लिंपण्याचे काम, कोण करते? तिथे आश्रमाची व्यवस्था आहे. आमच्या घरी पावसाळा संपला की भिंतींची छबाई, दिवाळीआधी पांढऱ्या मातीचा पोतेरा, आठवड्यातून दोनदा सारवण, ही सगळी कामे माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षे केली, आणि नेमक्या त्याच दिवसांत कापूस वेचायला जायचे असते. मातीचे घर स्वस्त असते, कारण त्यात बाईच्या मजुरीचा हिशेब कोणी धरत नाही. रानवाट भाऊंच्या आईंना स्लॅब का हवा, याचे अर्धे उत्तर टेंभरू यांनी वानरांत दिले आहे, उरलेले अर्धे हे आहे.

आणि जुने ते सगळे आपले, असेही नाही. सपरीवरच्या इंग्रजी कवेलूला आपण इंग्रजी म्हणतो, पण तो इंग्रजांचाही नाही. स्वित्झर्लंडच्या बासल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना काढला, म्हणून बाकीचा महाराष्ट्र त्याला मंगलोरी कौल म्हणतो. तो आला, तेव्हा कुंभाराच्या देशी कवेलूला जुना म्हणणारा एखादा मिस्त्री असणारच.

ओव्हरसियर काका (निवृत्त, जिल्हा अमरावती) यांचे उत्तर:

एकतीस वर्षे बांधकामावर काढली आहेत, म्हणून आधी स्वतःचा एक गुन्हा कबूल करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका खेड्यात दोन वर्गखोल्यांचे काम माझ्याकडे होते. नकाशात दक्षिणेला सात फुटांचा व्हरांडा आणि सर्व खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा होता. अंदाजपत्रक मंजूर रकमेच्या वर गेले आणि वरिष्ठांनी ते बसवून आणायला सांगितले. मी एका संध्याकाळी बसून व्हरांडा काढला आणि छज्जे नऊ इंचांवर आणले. खोल्यांचे क्षेत्रफळ तेच राहिले, त्यामुळे कागदावर काहीच कमी झाल्यासारखे दिसत नव्हते. पुढे एप्रिलमध्ये तिथे गेलो, तेव्हा मुलांची बाके उन्हाच्या तिरिपेबरोबर सरकत सरकत खोलीच्या एका कोपऱ्यात गोळा झालेली पाहिली. त्याच गावात नंतर स्लॅबची जी घरे झाली, त्यांच्या मालकांनी ती शाळा पाहूनच खिडक्या ठरवल्या, हे मला ठाऊक आहे. चौकट सर ‘गळत गेले’ म्हणतात, ते असे गळते.

आता रानवाट भाऊ, तुमच्या स्लॅबचे. आर्वी साधारण २१ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे २५ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली पडत नाही. त्या दिवसांत दुपारचे ऊन भिंतींना फारसे लागतच नाही, सगळे छतावर येते. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब ते दिवसभर पिऊन घेतो आणि संध्याकाळपासून खाली सोडू लागतो. तुमच्या तळहाताला रात्री साडेदहाला तेच जाणवले. दीड हाताच्या मातीच्या भिंतीतून उष्णता पलीकडे पोहोचायला कितीतरी तास लागतात, तोवर बाहेर रात्र झालेली असते. आणि कवेलूच्या छपरात फटीच फटी असल्यामुळे तापलेली हवा वरून निघून जाते, तर स्लॅबखाली ती अडकून बसते.

उपाय महाग नाहीत. स्लॅबवर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरे छत बरेचसे ऊन परतवून लावते. पुढे पैसे आले, तर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्यावेत. छताला लागून समोरासमोरच्या भिंतींत झरोके ठेवावेत, म्हणजे वरची गरम हवा निघेल. दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडक्यांना निदान दोन फुटांचा छज्जा द्यावा, आणि ती लांब काचेची खिडकी हवीच असेल तर उत्तरेला घ्यावी. तुमचा रस्ता कोणत्या बाजूला आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. पश्चिमेला असेल तर मिस्त्रींचे ऐकू नका.

आणखी एक गोष्ट सुचवतो. लॉरी बेकर हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद स्लॅबमध्ये मंगलोरी कौले घालत असत. त्यामागचे कारण साधे आहे: आडव्या स्लॅबवर भार आला की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही, खालचा ताण सळाख सोसते. मग सळाखींच्या चौकटींमधल्या खालच्या भागात जे काँक्रीट असते, ते केवळ जागा अडवून वजन वाढवते. तिथे दोन-दोन कौले पालथी-उताणी जोडून ठेवली, तर काँक्रीट वाचते, स्लॅब हलका होतो आणि कौलांमध्ये अडकलेली हवा उष्णतेला थोडा आवर घालते. खालून गिलावा न करता तसेच ठेवले, तर लाल कौले छतात दिसतात. तुमच्या सपरीवरचे इंग्रजी कवेलू याच कामाचे आहेत. देशी कवेलू मात्र यात बसणार नाहीत. काँक्रीट ओतण्याआधी कवेलू पाण्यात भिजवून घ्यावे लागतात, नाही तर ते काँक्रीटमधले पाणी शोषून घेतात. सळाखींचे अंतर कवेलूच्या मापावरून ठरते, म्हणून अभियंत्याकडून आरेखन करून घ्यावे आणि घरकुलाचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांच्या कानावर आधीच घालावे, नाही तर स्लॅबच्या टप्प्यावर फोटो काढायला आले की हप्ता अडकेल. न फुटलेले इंग्रजी कवेलू किती निघतील, तेवढे मोजून कळवा.

रानवाट यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर कोणी लिहील, असे वाटले नव्हते.

रस्ता पश्चिमेलाच आहे, काका. काल मिस्त्रींशी बोललो. लांब खिडकीऐवजी पश्चिमेला दोन लहान खिडक्या आणि दोन फुटांचा छज्जा त्यांनी कसाबसा मान्य केला, पण भाऊ नाराज आहे. त्याला अहमदाबादच्या त्या इमारतीतल्या तिरप्या पट्ट्या दाखवल्यावर तो जरा नरम आला, आणि आता वाढीव खोलीपुढे सिमेंटच्या तशा पट्ट्या हव्यात असा त्याचा हट्ट आहे. छज्जापेक्षा त्या महाग पडतात, हे त्याला अजून सांगितलेले नाही.

पांढरीमाती ताई, ओट्याचे आईला वाचून दाखवले. तिने उठून भिंतीपाशी उभे राहून कोपर वाकवले आणि मला टेप आणायला लावला. कोपराखालचे चार इंच सोडून एकोणतीस इंच आले. मग म्हणाली की सपरीतला बसायचा ओटा पाडायचा असेल, तर तिला हे घरकुल नको. त्यामुळे घरकुलापुढे दीड फूट उंचीचा ओटा आता नकाशात आला आहे आणि तेवढ्यासाठी घर रस्त्यापासून तीन फूट मागे सरकले आहे. पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या चार खुर्च्या आहेतच. तसली एकाच साच्यातून निघणारी खुर्ची फ्रान्समध्ये १९७२ पासून बनते, हे या चर्चेच्या निमित्ताने वाचले. आमच्याकडे ती पंगतीसाठी बिछायत केंद्रातून आली आणि चार परत द्यायच्या राहून गेल्या. आई तिच्यावर कधी बसत नाही, पाय लोंबतात म्हणते.

सपरीवरच्या इंग्रजी कवेलूंपैकी खालच्या तीन ओळी काल शिडी लावून पाहिल्या. त्यांत चौऱ्याऐंशी धड आहेत आणि एकोणीस फुटके. वरच्या ओळी उरल्या आहेत. त्या मोजायला रविवारी वर चढणार आहे, कारण वासे जुने आहेत आणि खाली शिडी धरायला भाऊ लागेल.